मजुरीचा दर आणि आपले घर
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात कर्जत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. अशा व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, शिष्यवृत्तीच्या निधीस हातभार लावण्याची विनंती व्हावी, लग्नकार्यातील वायफळ खर्चाविषयी दोन कानपिचक्या द्याव्यात, असा आपल्याकडील प्रघात आहे. आम्ही मात्र आज किमान वेतनाचा विषय निवडला आहे. ज्ञातीच्या मेळाव्यात मजुरीच्या दराची चर्चा कशाला, अशी शंका कित्येकांच्या मनात येईल. म्हणून हा विषय आम्हांस कसा सुचला, ते प्रथम सांगतो.

खालापूर तालुक्यातील एका ज्ञातिबंधूंच्या ओटीवर पावसाळ्यात आम्ही बसलो होतो. लावणी नुकतीच आटोपली होती. यजमान म्हणाले, "मजुरीचे दर असेच चढत राहिले, तर पुढल्या वर्षी खाचरे पडीक टाकावी लागतील. सरकारने किमान वेतनाचे हे खूळ काढून शेतकऱ्याच्या मुळावरच घाव घातला." आम्ही मान डोलावली. इतक्यात त्यांचे चिरंजीव खोपोलीकडील एका कारखान्यातून पाळी संपवून घरी आले. ते तेथे कंत्राटदाराच्या हाताखाली काम करतात. सही किमान वेतनाच्या आकड्यावर घेतात आणि हातात रक्कम त्याहून कमी पडते, अशी त्यांची तक्रार होती. ती ऐकून तेच यजमान संतापाने म्हणाले, "या राज्यात कायदा म्हणून काही आहे की नाही?" आम्ही पुन्हा मान डोलावली. घरी परतताना आम्हांस आमचीच लाज वाटली. एकाच ओटीवर, एकाच तासात, ज्या कायद्यास आम्ही शिव्या दिल्या त्याच कायद्यास आम्ही हाकही मारली होती. त्या दोन वेळा डोलावलेल्या मानेचा हिशेब म्हणजेच आजचे हे व्याख्यान होय.

कुळापासून मालकापर्यंत

मजुरीविषयी बोलण्यापूर्वी आपण स्वतः कोण आहोत, याची आठवण ठेवणे बरे. आपला हा जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. या कुलाब्यात आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील खोताची कुळे होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसण्याचे थांबविले. तो संप सुमारे सहा वर्षे चालला. पिकातील न्याय्य वाटा मिळावा एवढीच त्यांची मागणी होती. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, खोती गेली, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन उजाडला आणि सातबाऱ्यावर आपल्या घराण्यांची नावे मालक म्हणून लागली.

अशा प्रत्येक लढ्यात समोरून एकच उत्तर येते, 'परवडत नाही.' हे उत्तर ऐकण्याची सवय आपल्या आजोबांना होती. ते उत्तर देण्याची सवय आता आपल्याला लागली आहे. हे उत्तर खोटेच असते असे आमचे म्हणणे नाही. ते केव्हा खरे असते आणि केव्हा खोटे असते, हे तपासण्याची पात्रता मात्र दोन्ही बाजू पाहिलेल्या आपल्यासारख्या समाजाइतकी दुसऱ्या कोणाच्या अंगी असणार?

कायदा काय म्हणतो

किमान वेतनाचा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. त्याच साली नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वर जीवनवेतन, मध्ये न्याय्य वेतन आणि सर्वांत खाली किमान वेतन. तथापि किमान म्हणजे केवळ जीव जगविण्यापुरते, असे समितीने मानले नाही. कामगाराची काम करण्याची शक्ती टिकावी, काही शिक्षण व औषधपाणी व्हावे, इतके तरी किमान वेतनात असलेच पाहिजे, असे तिचे मत होते. १९५७ साली भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने याला मापे लावून दिली. कुटुंबात खाणारी तोंडे तीन पूर्ण माणसांइतकी धरावीत, माणशी अन्नाचे पुरेसे उष्मांक धरावेत, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी बहात्तर वार कापड धरावे, त्यात घरभाडे मिळवावे आणि इंधन, दिवाबत्ती व इतर किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के धरावेत. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण व लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली.

केरळातील कौलांच्या कारखानदारांनी १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'आम्हांला हा दर परवडत नाही' असे गाऱ्हाणे मांडले होते. न्यायालयाने सांगितले की, किमान वेतन ठरविताना मालकाची ऐपत पाहावयाची नसते. जो धंदा किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला त्या मजुरांच्या बळावर चालण्याचा अधिकार नाही. १९४८ चा तो कायदा आता २०१९ च्या वेतनसंहितेत विलीन झाला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून, पूर्वी केवळ अनुसूचीत नमूद केलेल्या धंद्यांना असलेले संरक्षण तिने सर्वच रोजगारांना लागू केले आहे.

शास्त्र काय सांगते

न्यायालयाने ऐपतीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तो अर्थशास्त्राला बाजूला ठेवता येत नाही. बाजारात भाजी महागली की गिऱ्हाईक कमी घेते. तद्वत मजुरी महागली की मालक माणसे कमी लावील, हा आक्षेप सरळ आणि आदरणीय आहे. जे कामावर राहतील त्यांचे भले होईल, पण जे निघून जातील त्यांचे काय? गरिबाच्या कळवळ्याने केलेला कायदा सर्वांत गरिबालाच कामाबाहेर ढकलणार नाही काय?

या प्रश्नाची परीक्षा अमेरिकेत झाली. न्यू जर्सी संस्थानाने १ एप्रिल १९९२ रोजी तासाचे किमान वेतन सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते तसेच ठेवले. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या उपाहारगृहांची पाहणी केली. मजुरी वाढलेल्या बाजूला नोकर कमी झाले नाहीत, असे त्यांना आढळले. या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला आणि तो अजूनही पुरता मिटलेला नाही. तथापि श्रमाच्या बाजारावरील अशा संशोधनाबद्दल कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीने १ जानेवारी २०१५ पासून तासाला साडेआठ युरो हा दर देशभर लागू केला. तेव्हा वर्तविलेली मोठी बेकारी तेथेही आली नाही.

याच्या नेमका उलट दाखला आपल्याच राज्यात आहे, आणि तोही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने असंख्य कुटुंबे तगविली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. मागेल त्याला काम, हे तिचे ब्रीद होते. १९८८ साली शेतमजुरांचे किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर या योजनेवरील मजुरीचा दरही जवळजवळ दुप्पट झाला. मजुरांना आनंद झाला. पण पुढील काळात कामे निघण्याचे प्रमाण मंदावले आणि कामावरील हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा अर्थ लावला आहे. दर वाढला, पण तिजोरीने त्या प्रमाणात हात सैल सोडला नाही. त्यामुळे काम मागणाऱ्या काहींना काम मिळेनासे झाले आणि हमीची धार बोथटली.

मग खरे काय मानावयाचे? आमच्या मते दोन्ही दाखले खरे आहेत. मजुरी वाढली असता काय होईल, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. मजूर घेणारा एक आहे की अनेक, वाढलेला बोजा पुढे कोणावर जातो आणि वाढलेला दर मजुराच्या हातात खरोखर पडतो की नाही. केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन बाईंनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की, जेथे श्रम विकत घेणारा एकच असतो, तेथे तो श्रमाचे मोल त्याच्या लायकीपेक्षा खाली दाबून ठेवू शकतो. अशा ठिकाणी कायद्याने दर वाढविला तर माणसे कमी होतीलच असे नाही. हे तत्त्व हाती धरून आता कर्जत-खालापुरात येऊ.

वीटभट्टी

भाताची झोडणी झाली, दिवाळी सरली, की डोंगराकडेच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन निघतात. मडकी, कोंबड्या, कडेवरचे मूल, सारे एका गाडीत. कोणी तालुक्यातल्याच भट्टीवर, कोणी पनवेल, कल्याण, भिवंडीकडे, तर कोणी कोळसा पाडण्यासाठी दूर घाटावर. पावसाच्या तोंडावर ती परततात. परंतु त्यांचा करार दिवाळीत होत नाही. तो होतो आषाढ-श्रावणात. तेव्हा काम नसते, घरात दाणा नसतो, कोणाचे आजारपण असते. त्या वेळी मुकादम उचल देतो. उचल घेतली, की येत्या हंगामापुरते त्या कुटुंबाच्या श्रमाला जगात एकच गिऱ्हाईक उरते. रॉबिन्सनबाईंनी ग्रंथात मांडलेला एकच खरेदीदार आपल्याकडे उचलीच्या वहीत सापडतो.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे केवळ सोयीसाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचा दर त्यात घालावा. समजा, नवरा-बायकोच्या जोडीने दिवसाकाठी एक हजार विटा पाडल्या आणि हजारी दर एक हजार रुपये ठरला. ऐकणाऱ्याला वाटते, दोघांत हजार रुपये म्हणजे वाईट नाही. पण हे काम पहाटेपासून, बारा तासांचे. समजा, आठ तासांचे किमान वेतन पाचशे रुपये आहे. वरच्या चार तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट दर धरला, तर त्यांचे आणखी पाचशे. म्हणजे एका माणसाचे हजार आणि जोडीचे दोन हजार झाले. हाती आले त्याच्या निम्मे. आणि माती आणणाऱ्या, विटा उलटणाऱ्या पोरांचा तर हिशेबच नाही. 'आम्ही नगावर देतो, रोजावर नाही' असे भट्टीवाले म्हणतात. परंतु जेथे वेळेचा किमान दर ठरलेला आहे, तेथे नगावर काम करणाऱ्यालाही त्यापेक्षा कमी देता येत नाही, हे १९४८ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट होते, आणि तीच तरतूद नव्या संहितेतही आहे.

हा दर पुरा दिला तर भट्ट्या बंद पडतील काय? आपल्या धरलेल्या हिशेबात हजार विटांमागे हजार रुपये, म्हणजे विटेमागे एक रुपया वाढला. पंधरा हजार विटांच्या लहानशा घराला पंधरा हजार रुपये जास्त पडतील. हा बोजा काही अंशी भट्टीवाल्याच्या नफ्यावर आणि काही अंशी घर बांधणाऱ्यावर जाईल. मुंबई-पुण्याच्या मंडळींची शेतघरे आपल्या दोन्ही तालुक्यांत उभी राहत आहेत. त्यांच्या एकूण खर्चात ही रक्कम कितीशी? याला मर्यादाही आहे. सिमेंटच्या ठोकळ्यांची स्पर्धा वाढत आहे; वीट फार महागली तर गिऱ्हाईक तिकडे वळेल आणि काही भट्ट्या बंद होतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निम्म्या मजुरीवर तगलेल्या धंद्याचा आधार नेमका कोण देत आहे, हेही मग उघड बोलावे लागेल.

या बाबतीत न्यायालयाने फार मोठी गोष्ट सांगितली आहे. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, १९८२ साली, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी दरात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय. कोणी चाबूक उगारला नसला, तरी भुकेने केलेली सक्ती ही सक्तीच. आणि उचलीच्या पायी माणूस अडकवून ठेवणे तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेच रद्द केले आहे. असे कर्ज त्या कायद्याने बुडीत ठरते.

भातशेती

आता आमच्या खालापूरच्या यजमानांकडे परत जाऊ. त्यांचे गाऱ्हाणे भट्टीवाल्याच्या गाऱ्हाण्याहून निराळे आहे. लावणीच्या पंधरवड्यात मजुराला गिऱ्हाईक एक नसते, गावभर असते. सगळ्यांची खाचरे एकाच वेळी भरतात, तरवा एकाच वेळी तयार होतो. त्या दिवसांत दर चढतो तो सरकारी अधिसूचनेमुळे नव्हे. माणसे थोडी आणि चिखल फार, म्हणून चढतो. सबब लावणीच्या चढ्या दराचे खापर किमान वेतनाच्या कायद्यावर फोडणे चुकीचे आहे.

तरीही लहान शेतकऱ्याची अडचण खरी आहे, कारण त्याला आपला बोजा पुढे ढकलता येत नाही. समजा, एका एकराला हंगामभरात तीस मजूर लागले आणि रोज शंभर रुपयांनी वाढला, तर तीन हजार रुपये जास्त गेले. २०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा आधारभूत भाव क्विंटलला तेवीसशे रुपये होता. म्हणजे एकरामागे सव्वा क्विंटलहून अधिक भात मजुरीच्या वाढीतच गेले. विटेचा भाव भट्टीवाला वाढवू शकतो. भाताचा भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. मजुरी वाढते आणि भाताचा भाव त्या प्रमाणात वाढत नाही, तेव्हा खाचर पडीक पडते आणि मग एके दिवशी दलालाच्या गाडीत बसून त्याचा सातबारा मुंबईस जातो.

या अडचणीतून आपल्याच तालुक्यात एक वाट निघाली आहे. नेरळजवळ मालेगाव येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची नवी पद्धत बसविली. सगुणा भात तंत्र या नावाने ती ओळखली जाते. तीत चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर साच्याने खुणा करून बियाणे टोकावयाचे. मजूर पुष्कळ वाचतात. आपल्या कित्येक शेतकऱ्यांनी ती पाहण्यासारखी आहे. परंतु येथेही दोन्ही बाजू सांगणे आम्हांस भाग आहे. लावणी वाचली म्हणजे लावणीचा रोज मिळविणाऱ्या बायकांचे ते दिवसही गेले. मजुरी वाढली की यंत्र आणि युक्ती येते आणि ती काहींच्या हातचे काम घेते, हा आक्षेपकांचा मुद्दा शेतीत खरा ठरतो. म्हणूनच भट्टीवरचा हिशेब चोख होणे अधिक निकडीचे आहे. कारण खाचरातून सुटलेले हात शेवटी तेथेच जातात.

भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ पासून सुटणारे पाणी राजनाल्याने आपल्या शिवारात फिरते. त्यावर उन्हाळी भात होते, म्हणून काही गावांना दुसरा हंगाम लाभला आहे. ज्या गावी दुसरा हंगाम आहे, त्या गावच्या मजुराला आषाढातली उचल घेण्याची पाळी कमी येते. पाणी आणि मजुरीचा दर यांचा संबंध असा आहे.

कारखाना

तिसरी जागा कारखान्याची. खोपोलीस १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले आणि पुढे या पट्ट्यात कारखानदारी वाढली. मोठ्या कारखान्याच्या एकूण खर्चात कंत्राटी मजुरीचा भाग लहान असतो. किमान दर थोडा वाढल्याने तेथील माणसे लगेच कमी होतात, असे मानण्यास आधार नाही. तेथील दुखणे तिसऱ्या प्रकारचे आहे. दर ठरतो, पण तो हातात पडत नाही. कारखाना कंत्राटदाराला देतो, कंत्राटदार मुकादमाला, आणि प्रत्येक हातात थोडे थोडे चिकटते.

हे दुखणे या मातीत जुने आहे. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले. हजारो मजूर या डोंगरात राबत होते. १८५९ च्या जानेवारीत त्यांनी मोठा दंगा केला, त्याच्या मुळाशी थकलेली मजुरी होती. वरच्या कंत्राटदारापासून खालच्या मुकादमापर्यंतच्या साखळीत त्यांचा पैसा अडकला होता. घाट १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. ती साखळी मात्र अजून तुटलेली नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने तीवर एक उपाय सांगितला होता. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही वा कमी दिली, तर ती भरून देण्याची जबाबदारी मूळ कारखानदाराची. नव्या संहितांतही ही जबाबदारी कायम आहे. आपल्या किती तरुणांना हे ठाऊक आहे?

मजुराचा रुपया कोठे जातो

आणखी एक परिणाम आपण विसरतो. श्रीमंताच्या हाती रुपया गेला, तर तो मुंबईच्या बँकेत जातो; मजुराच्या हाती गेला, तर तो शनिवारच्या आत नेरळच्या, कर्जतच्या, खोपोलीच्या बाजारात येतो. तांदूळ, तेल, सुकी मासळी, लुगडे, पोराची वही, डॉक्टरची फी. आपल्या ज्ञातीत लहान दुकानदार थोडे नाहीत. कातकऱ्याच्या घरी गेलेला रुपया त्यांच्याच गल्ल्यात येऊन पडतो. आणि भट्टीवरून थोडी शिल्लक घेऊन परतलेले कुटुंब आषाढात उचलीसाठी हात पसरत नाही. मग पुढल्या हंगामी त्याला दोन गिऱ्हाइके पाहून दर ठरविता येतो. पुरा दर एक वर्ष हातात पडला, तर दुसऱ्या वर्षी कायद्याचा आधार थोडा कमी लागतो.

एक वही

येथवर आम्ही इतरांविषयी बोललो. आता आमच्या घराविषयी. आमच्या तीर्थरूपांच्या निधनानंतर त्यांच्या पेटीत आम्हांस एक लांबट वही सापडली. आमच्या शेतावर एक कातकरी गडी वर्षानुवर्षे राबत असे. त्याच्या लग्नासाठी दिलेली उचल पहिल्या पानावर लिहिली होती. पुढील पानांवर त्याच्या कामाचे दिवस होते. मजुरीच्या रकान्यात मात्र कोठे 'जेवून', कोठे 'धोतरजोडी', कोठे किरकोळ रक्कम. प्रत्येक वर्षाअखेर बाकी पुढे ओढली होती. तीर्थरूप निर्दय नव्हते. आजारपणात त्यांनी त्याच गड्याच्या उशाशी रात्र काढलेली आम्ही पाहिली आहे. त्या काळी सर्वच घरी अशा वह्या होत्या आणि कोणालाही त्यांत गैर वाटत नसे.

त्या त्या वर्षाचा कायद्याचा दर लावून आम्ही हिशेब केला. लग्नाची उचल दुसऱ्याच हंगामात फिटली होती. त्यापुढची सर्व वर्षे तो आमचे कर्ज फेडीत नव्हता, आम्ही त्याचे कर्ज वाढवीत होतो. तो गडी तोवर वारला होता. त्याच्या मुलाला आम्ही घरी बोलाविले. वही पाहताच तो ओटीच्या कडेला अंग चोरून बसला आणि त्याने विचारले, "दादा, माझ्याकडं अजून किती निघतात?"

आम्ही म्हटले, "तुझ्याकडे नाही निघत. तुझेच आमच्याकडे निघतात." त्याला ते खरे वाटेना. सारी रक्कम एकदम देण्याची आमची ऐपत नव्हती. आम्ही ती तीन वर्षांत फेडली. ही गोष्ट आम्ही मोठेपणासाठी सांगत नाही. फेडण्यासारखे काही आहे, हे कळण्यास आम्हांस इतकी वर्षे लागली, हे सांगण्यासाठी सांगतो.

समारोप

सारांश, किमान वेतन वाढल्याने सर्वत्र बेकारी येते हे जसे खरे नाही, तसेच त्याने कोणाचेच काही बिघडत नाही हेही खरे नाही. जेथे उचलीने गिऱ्हाईक एकच ठेवले आहे, तेथे दर पुरा देण्याने अन्याय दूर होतो आणि काम फारसे घटत नाही. जेथे लहान शेतकरी स्वतःच कोंडीत आहे, तेथे दराबरोबर भाताचा भाव, पाणी आणि नवी पद्धत हवी. ती मागणी आपण सरकारकडे करावी, तिची वसुली मजुराच्या रोजातून करू नये. आणि जेथे साखळी लांब आहे, तेथे नुसता दर वाढवून भागत नाही. तो हातात पडला की नाही, हे पाहावे लागते.

म्हणून या सभेपुढे आमची नम्र विनंती आहे. ज्यांच्या भट्ट्या आहेत, त्यांनी या हंगामापासून दोन वह्या ठेवाव्यात, एक आपल्याकडे आणि एक मजुराकडे. उचल निराळी लिहावी, तास लिहावेत आणि हंगामाच्या शेवटी बाकी पुढे ओढू नये. ज्यांची मुले कंत्राटावर आहेत, त्यांनी वेतनाची चिठ्ठी मागण्यास मुलांना शिकवावे. त्या कामी संस्थेतील वकील मंडळींनी मोफत साह्य द्यावे. आणि आपल्या संस्थेने सुरुवात स्वतःपासून करावी. आज सकाळपासून आपल्या पंगतीसाठी चुलीपुढे उभा असलेला आचारी, भांडी घासणाऱ्या बाया, रात्री मांडवाची राखण करणारा गडी, यांना आज आपण काय देणार आहोत, हे कार्यकारी मंडळाने निघण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे. तो आकडा कायद्याच्या आकड्याहून कमी भरला, तर फरकाच्या रकमेत आमची वर्गणी आधी धरावी.



जय हिंद! जय महाराष्ट्र!